एक एकर मागून घेतलं त्याची गोष्ट

आमचं रान पाच एकर, औसा तालुक्यात, किल्लारीच्या अलीकडं. बोअर आहे पण फेब्रुवारी संपेपर्यंत दम टाकतं, म्हणजे कोरडवाहूच म्हणा. पाचही एकरात सोयाबीन, मधे तुरीच्या चार ओळी, झालं. आणि शेतकऱ्याचं घर असून ज्वारी विकत, मूग विकत, मेथीची जुडीसुद्धा आठवडी बाजारातून. सोयाबीनचे पैसे दिवाळीला आले की खतवाल्याची उधारी, किराण्याची उधारी, होळीला परत खडखडाट. सोयाबीन काय शिजवून ताटात वाढता येत नाही (वड्या असतात, पण त्याही विकतच्याच).

बचत गटात स्वयं शिक्षण प्रयोगच्या ताई यायच्या, 1993 च्या भूकंपानंतर आमच्याकडं काम करायला लागलेली संस्था. त्यांच्याकडून एक एकराचं ऐकलं, बाईनं घरच्यांकडून एक एकर मागून घ्यायचं आणि त्यात घराला लागतं ते पेरायचं, बिना रासायनिक. ऐकायला सोपं. मागायलाच दोन वर्षं गेली मला.

मामा (माझे सासरे) म्हणले, एकरी आठ क्विंटल होतं, ते तू देणार का? मग मी वही घातली. वर्षभर ज्वारी, डाळी, भाजी, तेल काय आणलं ते रोजचं लिहिलं, महिन्याला साडेतीन हजाराच्या आसपास जात होते. वही ह्यांच्यापुढं ठेवली, हे काही बोलले नाहीत, दोन दिवसांनी म्हणले वरचा तुकडा घे. वरचा म्हणजे मुरमाड, तिथं सोयाबीन पण गुडघ्याएवढं होत नाही. म्हणलं चालतंय.

हे 2023 चं. पाऊस जून संपता संपता आला. मूग, उडीद, तूर, तीळ, अंबाडी, भुईमूग, बांधाला कारली, दोडका, गवार. बी निम्मं आत्याबाईंच्या (माझ्या सासूबाई) गाठोड्यातलं, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं, त्यांनी इतकी वर्षं कुणी विचारलं नाही म्हणून काढलं नव्हतं. माझी चूक इथं झाली, हौसेनं सगळं दाटीवाटीनं पेरलं, तुरीच्या सावलीत भुईमूग बसलाच नाही.

रासायनिक खताच्या जागी जीवामृत घालायचं, ते शेण-गोमूत्राचं घरीच करायचं आंबवण, त्याला 10 किलो शेण लागतं, आणि घरात जनावर नाही! हे मला तेव्हा कळलं नीट. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी जनावरं विकली, आणि आता शेण मागायला मी पाटी घेऊन गल्लीत. 200 लिटरच्या बॅरलमध्ये शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, रोज काठीनं ढवळायचं. वास असा की जाऊबाई नाक दाबून जायच्या.

मग ऑगस्ट. 1901 पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट निघाला तो, आमच्याकडं तर ढग यायचे आणि बघून जायचे. उडीद गेला. मूग तिसरा हिस्सा. मी भुसकट आणून बुडाशी पसरलं, गवारीला तांब्यानं पाणी घातलं, तीळ अंबाडी मात्र ढिम्म उभी. खाली ह्यांचं सोयाबीन ऐन फुलात माना टाकत होतं, नंतर पिवळं पण पडलं. त्या वर्षी तीन क्विंटलसुद्धा एकरी पडलं नाही, त्यामुळं माझ्या एकराचा हिशोब कुणी मागितलाच नाही, हे पण खरं.

ज्वारी मुरमात येत नाही, तिला काळं रान पाहिजे. सोयाबीन निघालं की खालचं रान मोकळंच होतं, म्हणलं अर्धा एकर हरभऱ्याऐवजी मला द्या. मालदांडी (रब्बीची ज्वारी) पेरली. पाखरं राखायला लेकरं गोफण घेऊन, काढायला मजूर मिळेना म्हणून मी आणि जाऊबाई, हाताला फोड. अडीच क्विंटल झाली. सहा माणसांना चार महिने पुरली, वर्षाला नाही. पण कडबा झाला, आणि कडब्यावर एक गाय घेतली, शेणाची पाटी बंद.

2025 च्या सप्टेंबरात उलटं. पाण्यानं सोयाबीन शेंगातच कोंबारलं, माझी भाजी पण सडली, तिथं एक एकर काय नि पाच एकर काय. मुरमाड उंचावर असल्यानं पाणी थांबलं नाही म्हणून तूर तेवढी राहिली. रान पेरण्याजोगं सुकेना, वाफसा येईना, म्हणून ज्वारी दिवाळीनंतर पेरली, उशिराच.

आता अडलंय ते कागदावर. सातबारा मामांच्या नावावर. ठिबकचा अर्ज भरायला गेले तर पहिला प्रश्न सातबारा कुणाचा. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागतं, पण आधी ह्यांच्या नावावर तर पाहिजे, त्याला वाटणी पाहिजे, वाटणी म्हणलं की घरात सगळे गप्प. आत्याबाईंनी परवा भाकरी थापता थापता मामांना विचारलं, काय झालं त्या कागदाचं? मामा म्हणले, बघू पाडव्यानंतर. मी काही बोलले नाही, बी निवडत बसले.