सीई शिक्क्याची खरी तपासणी स्टोअरमध्ये होते

गोव्यातल्या वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत कंट्रोल पॅनेल, चार्जर, दिवे बनवून युरोपात पाठवणाऱ्या छोट्या कारखान्यांत एक गैरसमज पक्का बसला आहे. सीई, म्हणजे माल युरोपीय संघाचे नियम पाळतो असं सांगणारा शिक्का, हे लॅबने द्यायचं प्रमाणपत्र आहे, असं तिथे मानतात. 'रोह्स' या घातक द्रव्यांवरच्या युरोपीय निर्देशापुरतं हे खरं नाही. तपासणी, तांत्रिक फाइल आणि अनुरूपतेचं घोषणापत्र ही तिन्ही कामं उत्पादकाची असतात, सहीही त्याचीच. माल बाजारात आल्यापासून ही फाइल १० वर्षं जपावी लागते. शिक्का किमान ५ मिलिमीटर उंचीचा हवा, सोबत नाव, पोस्टाचा पत्ता आणि मॉडेल किंवा अनुक्रमांक. ही बाजू सोपी आहे. अवघड आहे ते त्या सहीमागचं सत्य, आणि ते स्टोअरच्या रॅकवर असतं.

'रोह्स'च्या निर्देश २०११/६५ नुसार शिसं, पारा, षट्‍संयुजी क्रोमियम, पीबीबी आणि पीबीडीई (प्लास्टिकमधली आग रोखणारी रसायनं) यांची मर्यादा ०.१ टक्का, कॅडमियमची ०.०१ टक्का. ही टक्केवारी संपूर्ण यंत्राच्या वजनावर काढत नाहीत. यांत्रिकपणे आणखी सुटा न करता येणारा प्रत्येक एकजिनसी थर स्वतंत्र मोजतात. साध्या वायरमध्ये तांबं, त्यावरचा कथिलाचा मुलामा आणि पीव्हीसीचं आवरण असे तीन थर, तिघांचा हिशेब वेगळा. चाळीस किलोच्या पॅनेलमध्ये एका स्क्रूवरचं प्लेटिंग चुकलं, तरी पॅनेल नापास.

२०१५/८६३ या दुरुस्तीने डीईएचपी, बीबीपी, डीबीपी आणि डीआयबीपी हे चार थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) यादीत आले आणि बहुतेक उपकरणांना २२ जुलै २०१९ पासून लागू झाले. आपल्याकडच्या ई-कचरा नियम २०२२ मध्ये मात्र जुनीच सहा द्रव्यं आहेत. त्यामुळे देशी पुरवठादाराने प्रामाणिकपणे 'रोह्स अनुरूप' लिहिलं, तरी त्यात थॅलेट धरलेले नसू शकतात. पत्रावर २०१५/८६३ चा उल्लेख आणि दहाही द्रव्यांची नावं नसतील, तर ते पत्र परत पाठवा. एक्सआरएफ बंदूक, म्हणजे क्ष-किरणांनी तपासणारं हातातलं यंत्र, इथे उपयोगाची नाही. ती मूलद्रव्यं दाखवते, थॅलेट दाखवत नाही. मऊ पीव्हीसीची वायर, स्लीव्ह आणि ग्रोमेट यांची जीसी-एमएस ही संयुगं वेगळी करून ओळखणारी लॅबमधली चाचणी करून घ्यावी लागते. शिवाय थॅलेट मऊ पीव्हीसीतून शेजारच्या प्लास्टिकमध्ये उतरतं, म्हणून चांगला माल जुन्या पीव्हीसी पिशवीत भरून ठेवू नका.

क्रोमियमचा प्रश्न गोव्यात जास्त टोचतो. खाऱ्या हवेत झिंकवर पांढरा गंज लवकर धरतो आणि प्लेटिंगवाल्याचं जुनं पिवळं क्रोमेट त्याला चांगलं तोंड देतं, म्हणून फोरमन तेच मागतो. त्या पिवळ्यात बहुधा षट्‍संयुजी क्रोमियम असतं. पर्याय आहे ट्रायव्हॅलंट (त्रिसंयुजी क्रोमियमचं) पॅसिव्हेशन, म्हणजे गंजरोधक थर, आणि वर सीलर. ऑर्डरवर नुसतं 'झिंक प्लेटिंग' लिहिलं, तर प्लेटिंगवाला हौदात असेल तेच लावणार. पॅसिव्हेशनचा प्रकार, सीलर, झिंकची जाडी आणि मिठाच्या फवाऱ्यात किती तास टिकायला हवं, हे सगळं ऑर्डरवर लिहा. रंगावरून ओळखायला जाऊ नका, रंग घातलेलं पिवळं ट्रायव्हॅलंटही मिळतं. एक्सआरएफ फक्त एकूण क्रोमियम दाखवते. षट्‍संयुजी ओळखायला उकळत्या पाण्यात अर्क काढून रंगचाचणी करावी लागते.

पितळी केबल ग्लँडमध्ये, म्हणजे पॅनेलमध्ये केबल शिरते तिथल्या जोडात, शिसं बहुधा असतं. तांब्याच्या मिश्रधातूत ४ टक्क्यांपर्यंत शिशाला 'रोह्स'मध्ये ६(सी) ही सवलत आहे, पण तिचा क्रमांक फाइलमध्ये नोंदवा. सवलतींना मुदत असते, त्या बदलत राहतात, म्हणून प्रत्येक मोठ्या ऑर्डरआधी यादी पाहा.

सोल्डरमध्ये चूक फार लहान असते. वितळलेल्या सोल्डरच्या २०० किलोच्या वेव्ह पॉटमध्ये ०.१ टक्का म्हणजे २०० ग्रॅम शिसं. जुन्या ६३/३७ (६३ टक्के कथिल, ३७ टक्के शिसं) सोल्डरची १ किलोची एकच कांब चुकून पडली, तर ३७० ग्रॅम शिसं गेलं आणि अख्खा पॉट बाद झाला. म्हणून दोन्ही सोल्डर एका कपाटात ठेवूच नयेत, दुरुस्तीच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्नची टिपही वेगळी हवी.

बिनशिशाचा सॅक३०५ हा सोल्डर सुमारे २१७ अंशांवर वितळतो, जुना १८३ अंशांवर. रिफ्लोचं, म्हणजे भट्टीतून बोर्ड नेऊन सोल्डर वितळवण्याचं, शिखर तापमान २४० ते २५० अंशांपर्यंत जातं आणि इथे आपला पावसाळा आडवा येतो. आयसीत शिरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन तिचं कवच फुटतं किंवा आतले थर सुटतात. एमएसएल ३ (ओलाव्याला किती नाजूक, याची श्रेणी) चा भाग पाकिटातून काढल्यावर १६८ तास वापरता येतो, पण ते ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत. जुलैमध्ये वेर्ण्याच्या शेडमध्ये ती अट दारं बंद करून, डीह्युमिडिफायर चालवल्याशिवाय पाळता येत नाही. पाकीट उघडल्याची वेळ त्यावरच लिहा आणि उरलेला माल ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवा. मुदत उलटली तर ट्रेमधले भाग १२५ अंशांवर भाजता येतात. रिळातले तिथे घालू नका, रिळाचं प्लास्टिक वाकतं. ते ४० अंशांवर, अगदी कोरड्या हवेत, कित्येक दिवस ठेवावे लागतात. हे दिवस डिलिव्हरीच्या तारखेत आधीच धरा.