तुम्ही विचारलंत म्हणून: बार्बेक्यू सॉस घरी कशाला करायचा?

प्रश्न साधारण असा असतो. "अगं, दुकानात दोन-तीन डॉलरला एवढी मोठी बाटली मिळते, मग तू तो बार्बेक्यू सॉस घरी का करत बसतेस?" मंडळाच्या पिकनिकला मी माझी काचेची बाटली टेबलावर ठेवली की कुणीतरी हे विचारतंच. सांगलीहून आईच्या शेजारच्या काकू व्हिडिओ कॉलवर वेगळंच विचारतात, म्हणजे नक्की काय असतं गं ते, केचपच ना? तिथल्या तिथे मी काहीतरी अर्धंमुर्धं सांगते कारण हातात चिमटा असतो आणि ग्रिलवर चिकन असतं. म्हणून आता एकदा नीट बसून लिहितेय.

आम्ही अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत राहतो, बारा वर्षं झाली. या गावात बार्बेक्यूवर, म्हणजे धुरावर भाजलेल्या मांसावर, लोक जेवढं मनापासून बोलतात तेवढं आपल्याकडे कोल्हापुरात मिसळीवर बोलत असतील. पहिली दोन-तीन वर्षं आमच्याही फ्रिजच्या दारात दुकानातली बाटली होती आणि मला ती आवडायची, खोटं कशाला बोलू. काळपट, दाट, गोड, नगेट्सला लावा नाहीतर फ्राइज बुडवा. मला वाटायचं बार्बेक्यू सॉस म्हणजे हाच, आणि इथल्या लोकांचं त्यावर एवढं प्रेम का ते कळायचं नाही.

मग एकदा नवऱ्याच्या ऑफिसातले लोक आम्हाला आर्थर ब्रायंट्स नावाच्या बार्बेक्यूच्या हॉटेलात घेऊन गेले. ब्रुकलिन अव्हेन्यूवर आहे, साधी जागा, काउंटरवर जाऊन उभं राहायचं, आणि कागदात गुंडाळलेल्या मांसाबरोबर साधा पांढरा ब्रेड. आम्ही बीफ खात नाही म्हणून टर्की घेतली. टेबलावरची बाटली मी नेहमीच्या सवयीने भरपूर ओतली आणि पहिल्या घासाला थांबलेच, कारण तो सॉस गोड नव्हता. नारिंगी रंग, व्हिनेगरचा सणसणीत आंबटपणा, आणि जिभेला मसाला रवाळ लागत होता, अगदी मुरलेल्या लोणच्याच्या खारासारखा. मला आमच्या आजीची बरणी आठवली, त्या बरणीच्या तळाशी उरलेला खार आम्ही भावंडं भाकरीने पुसून खायचो. अमेरिकेत येऊन इतक्या वर्षांत कुठल्याच पदार्थाने मला असं घरी नेलं नव्हतं.

घरी आल्यावर मी याच्यामागे लागलेच. हेन्री पेरी नावाचा एक कृष्णवर्णीय माणूस टेनेसीतून इथे आला आणि १९०८ च्या सुमाराला कपडे शिवणाऱ्या कारखान्यांच्या भागात एका गल्लीत धुरावर भाजलेलं मांस विकायला लागला. मांसाचा एक मोठा तुकडा (स्लॅब) पंचवीस सेंटला, वर्तमानपत्रात गुंडाळून. गाव तेव्हा गुरांच्या बाजाराचं, इथले स्टॉकयार्ड्स १८७१ पासूनचे, त्यामुळे मांसाला तोटा नव्हता आणि श्रीमंत लोक घेत नाहीत ते चिवट भाग स्वस्तात मिळायचे. पेरीचा सॉस म्हणे चांगलाच तिखट आणि कडक होता. त्याच्याकडे काम करणाऱ्या चार्ली ब्रायंटने पुढे धंदा घेतला आणि १९४६ मध्ये त्याचा भाऊ आर्थरने, आणि आर्थरने त्या सॉसची धार जरा कमी केली. मी खाल्लेला तो हा. आणि ज्याला मी "खरा" सॉस समजत होते तो दाट गोड प्रकार आपण समजतो तेवढा जुना नाही, इथल्याच रिच डेव्हिस नावाच्या एका लहान मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९७७ मध्ये स्वतःचा सॉस बाजारात आणला, तोच पुढे केसी मास्टरपीस नावाने देशभर गेला आणि गोड-दाट म्हणजेच कॅन्सस सिटी असं समीकरण होऊन बसलं. तोही चांगलाच आहे, पण गावाची चव एकच नाही हे मला तेव्हा कळलं.

आणि इतर राज्यांत तर अजून वेगळं. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेकडे टोमॅटोच नाही, नुसतं व्हिनेगर आणि मिरची, पाण्यासारखं पातळ. साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा सॉस, तो जर्मन लोक तिथे वसले त्यांच्या आवडीतून आला असं सांगतात. अलाबामात तर पांढरा, मेयोनीज आणि व्हिनेगरचा, डिकेटर गावच्या बॉब गिब्सनने १९२५ मध्ये केला, चिकनवर लावतात. म्हणजे आपल्या आमटीसारखंच आहे बघा, नाव एक आणि प्रत्येक घरी चिंच-गुळाचं माप वेगळं. माझ्या सासरी गूळ जास्त, माहेरी चिंच पुढे, आणि कुणाचंच चुकीचं नाही.

तर मी घरी का करते याचं उत्तर हेच आहे की त्या बाटलीत चिंच-गुळाचं माप दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. इथे लेबलवर घटक वजनाच्या क्रमाने लिहावे लागतात, जास्त असेल ते आधी. दुकानात उभं राहून बघा एकदा, कितीतरी बाटल्यांवर पहिलं नाव हाय फ्रक्टोज कॉर्न सिरप असतं, टोमॅटोच्याही आधी. म्हणजे आपण साखरेचा पाक घेतोय, त्यात बाकीचं आहे. मला त्यात आंबट परत आणायचं होतं एवढंच.

आता करायचं कसं. जाड बुडाचं पातेलं घ्या, त्यात दोन चमचे बटर, त्यावर एक छोटा कांदा किसून आणि तीन पाकळ्या लसूण, मंद आचेवर, कांदा लाल करायचा नाही, नुसता कच्चा वास जाऊ द्यायचा. मग गॅस अगदी बारीक करून दोन चमचे स्मोक्ड पॅप्रिका (धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड), एक चमचा मिरपूड, अर्धा चमचा लाल तिखट. इथे घाई नको आणि रेंगाळूही नका, फोडणीत तिखट कसं क्षणात करपतं तसंच हे करपतं आणि मग सगळा सॉस कडू. मसाल्याचा वास आला की लगेच दोन कप केचप, अर्धा कप ॲपल सायडर व्हिनेगर, पाव कप मोलॅसिस (काकवीसारखा काळपट पाक), दोन मोठे चमचे ब्राउन शुगर, एक मोठा चमचा वूस्टरशर सॉस, एक चमचा मस्टर्ड. (केचप विकतचंच घेते मी, ताज्या टोमॅटोपासूनही करून पाहिलंय, दोन तास गेले आणि फरक फार पडला नाही.) व्हिनेगर पडलं की तोंड जरा बाजूला घ्या, ती वाफ सरळ घशात जाते आणि असा ठसका लागतो की डोळ्यांत पाणी. मग मंद आचेवर अर्धा तास, झाकण अर्धवट, कारण तो रटरटायला लागला की लाव्हासारखा उडतो आणि हातावर पडला तर जबरदस्त चटका. मधूनमधून डाव फिरवायचा, तळाला लागू द्यायचा नाही.

झाला की नाही कसं ओळखायचं? एक ताटली फ्रीझरमध्ये ठेवायची, तिच्यावर एक थेंब टाकायचा आणि बोटाने मधून रेघ ओढायची. दोन्ही बाजू लगेच एकमेकींकडे धावल्या तर अजून दहा मिनिटं. रेघ तशीच राहिली तर बंद करा. पातेल्यात बघून ठरवू नका, गरम असताना तो कायम पातळ दिसतो, गार झाल्यावर कितीतरी दाट होतो. आणि चवही तेव्हाच्या तेव्हा ठरवू नका. गरम असताना व्हिनेगर नाकात जातं, वाटतं फार आंबट झालं, आणि हात साखरेच्या डब्याकडे जातो. मी तीन-चार वेळा असं केलं आणि दुसऱ्या दिवशी तो गुळचट निघाला. हा सॉस मुरतो, लोणच्यासारखाच. रात्रभर फ्रिजमध्ये राहिला की कांदा-लसूण, धूर, आंबट सगळं एकमेकांत जातं आणि टोचणारं आंबट गोल होतं.

वूस्टरशरबद्दल शाकाहारी लोकांना सांगायलाच हवं, त्यात अँकोव्ही मासे असतात. इंग्लंडमधल्या वूस्टर शहरात १८३७ पासून करतात तो, आणि त्यातल्या आंबटपणात चिंचही असते. हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला, म्हणजे या कॅन्सस सिटीच्या सॉसमध्ये चिंच आधीपासून होतीच. शाकाहारी मैत्रिणींसाठी करते तेव्हा मी तो वगळते आणि एक चमचा चिंचेचा घट्ट कोळ आणि एक चमचा सोया सॉस घालते. आता खरं सांगायचं तर घरच्यासाठीही चिंचच घालते.

धुराचं म्हणाल तर पॅप्रिकाने येतो तेवढा पुरतो. लिक्विड स्मोक नावाची छोटी बाटली मिळते, ती केमिकल आहे असं बरेच जण समजतात, पण साधी गोष्ट आहे, लाकूड जाळून त्याचा धूर गार करून पाण्यात धरलेला असतो. तेही याच गावचं, अर्नेस्ट राइट नावाच्या औषधविक्रेत्याने १८९५ मध्ये सुरू केलेलं. दोन थेंब घाला, तिसरा घातला तर सगळ्याला राखेची चव येते.

लावायचं कधी हे मात्र मला शेजारच्या आजोबांनी शिकवलं. माझ्या पहिल्या सॉसने मी चिकनच्या तंगड्या सुरुवातीलाच छान माखून ग्रिलवर टाकल्या आणि पंधरा मिनिटांत बाहेरून कोळसा आणि आत कच्चं. पाहुणे बसलेले. आजोबा कुंपणापलीकडून बघत होते, ते आले, सगळे तुकडे कमी धगीच्या बाजूला सरकवले, वरचं काळं सुरीने खरवडलं आणि म्हणाले साखर आहे ना त्यात, ती आधी जळणार, मांस शिजायला वेळ लागतो. तेव्हापासून मी चिकन नुसतं मीठ-मिरपूड लावून जवळजवळ पूर्ण शिजवते आणि शेवटच्या दहा मिनिटांत सॉसचा ब्रश, पातळ हात, दोन मिनिटांनी परत, मग परत. तिसऱ्या हाताला तो चकाकायला लागतो, कडांवर छोटे बुडबुडे येतात आणि थोडा थोडा काळा होतो, तो सुगंध आला की उचलायचं. ब्रश बुडवायला वाटीत वेगळा काढून घ्या, बाटलीत ब्रश नको, कच्च्या चिकनचा हात लागलेला असतो.

पण खरं सांगू का, ग्रिल आमच्याकडे वर्षातले पाच महिने. सॉस बारा महिने लागतो. मंगळवारी रात्री साडेसातला घरी आलेय, पनीरचा एक तुकडा आहे आणि भोपळी मिरची आहे, तव्यावर परतून शेवटी दोन चमचे सॉस, पोळीत गुंडाळला की मुलाचा डबाही झाला. ऑम्लेटवर. उकडलेल्या राजम्यात, हे इथल्या बेक्ड बीन्ससारखं लागतं. भाजलेल्या मक्याच्या कणसावर लिंबाऐवजी. रताळ्याच्या फोडींवर तर फारच छान, कारण रताळं गोड आणि सॉस आंबट. हे असं का जमतं याचा मी विचार केलाय, एका चमच्यात आंबट, गोड, तिखट, खारट, धूर आणि टोमॅटोची ती भरलेली चव सगळंच असतं, त्यामुळे दमलेल्या माणसाला वेगळं वाटण घाटण करावं लागत नाही. आपल्याकडे हे काम चिंचेची चटणी करते.

आईला मी फोनवर सांगून सांगून करायला लावला. मोलॅसिस कुठून आणणार, तर काकवी, सांगली-कोल्हापूरकडे गुऱ्हाळावरची मिळतेच. मोलॅसिस साखर काढल्यावर उरतं म्हणून जरा कडवट आणि काकवी जास्त गोड, त्यामुळे ब्राउन शुगर पूर्ण वगळली. पॅप्रिकाऐवजी बेडगी मिरचीची पूड, रंग सुंदर येतो. आणि धुरासाठी तिने एक कोळसा लाल करून छोट्या वाटीत ठेवला, ती वाटी सॉसच्या पातेल्यात, निखाऱ्यावर थेंबभर तूप आणि पाच मिनिटं घट्ट झाकण. मला तिने झाकण उघडताना कॅमेऱ्यात दाखवलं, धूर आधी वर आला आणि मग खाली तो लालभडक सॉस. चाखून म्हणाली, "आंबट जरा कमी वाटतंय, अजून घालू का?" आणि मला कळलं की आंबटाकडे माझा ओढा कुठून आलाय. बाबांनी तो कांदाभजीबरोबर खाल्ला, तिथे तो आता तसाच खातात.

टिकतो फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे, काचेच्या कोरड्या बाटलीत, ओला चमचा घालायचा नाही. पहिल्यांदा करणार असाल तर वर दिलेल्या मापाच्या अर्धा करा, शनिवारी रात्री करून ठेवा आणि रविवारी दुपारपर्यंत बाटली उघडू नका.