किती देते? अबार्थ पुंटोने दादर ते महाबळेश्वर आणि आंबेनळीतून परत

गाडी घेतली तेव्हापासून एक प्रश्न पाठ सोडत नाही : "किती देते?" म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर. सोसायटीचा वॉचमन विचारतो, ऑफिसातले विचारतात, सिग्नलला शेजारी थांबलेला बाइकवालाही काच खाली घ्यायला लावून विचारतो. मी कधी नऊ सांगतो, कधी पंधरा. दोन्ही खरं असतं आणि समोरच्याचं समाधान एकानेही होत नाही. म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये एक शनिवार-रविवार काढला, बाबांना शेजारी बसवलं आणि टाकी टू टाकी (टाकी फुल करायची, चालवायची, पुन्हा फुल करताना किती लिटर लागले ते बघायचं) मोजत महाबळेश्वरला जाऊन आलो. ज्यांच्याकडे छोटी, जोरदार पेट्रोल गाडी आहे आणि जे मुंबईहून हाच फेरा मारणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

गाडी फियाटची, २०१६ची अबार्थ पुंटो, पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली. १३६८ सीसीचं टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेलं पेट्रोल इंजिन, १४५ बीएचपी, पाच गिअर, टाकी ४५ लिटरची. कंपनीने तेव्हा कागदावर १६.३ दिलं होतं. दिसायला घरगुती हॅचबॅक, पण दोन हजार आरपीएमच्या पुढे टर्बो जागा झाला की पाठ सीटला टेकते. सस्पेन्शन साध्या पुंटोपेक्षा खाली आहे, त्यामुळे गावातल्या उंच स्पीडब्रेकरवर ती तिरकी घालावी लागते.

बाबांना नेण्याचं कारण त्यांची वही. आमच्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी होती, तेव्हापासून बाबा प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर असं लिहीत आलेत. निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या आहेत. पद्मिनी गेली, पण वही थांबली नाही. माझ्या गाडीचंही पहिल्या दिवसापासूनचं पान त्यात आहे.

निघण्याआधीच्या आठवड्याचा आकडा आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्याशी ताडून बघायचंय. दादर ते अंधेरी, रोज जाऊन-येऊन, एसी चालू : २१४ किलोमीटरला २३.४ लिटर. म्हणजे ९.१.

शुक्रवारी रात्री घराजवळच्या पंपावर टाकी फुल केली. इथेच पहिली चूक होते. नोझल कट झालं की पंपावरचा माणूस सवयीने विचारतो, "राउंड करू का?" आणि आपण हो म्हणेपर्यंत त्याने दोन-तीनदा ट्रिगर दाबलेला असतो. लिटरभर इकडेतिकडे होतं. शंभर किलोमीटरच्या हिशेबात लिटरभर म्हणजे सगळाच हिशेब कोलमडतो. बाबा खाली उतरून उभे राहिले. "दादा, पहिल्या कटला थांबवा. राउंड नको, कितीही पैसे होऊ देत." प्रत्येक पंपावर आम्ही हेच केलं. गाडी सपाट जागी उभी, पहिल्या कटला थांबायचं, ट्रिप मीटर शून्य. शेवटची टाकी तर त्याच पंपावर, त्याच नोझलवर भरली. हवा सकाळी टायर थंड असताना स्वतःच्या गेजने बघितली, कारण पंपावरची मशीन दोन-तीन पीएसआय कमी-जास्त दाखवतात असा माझा अनुभव आहे. किती भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर असतं.

शनिवारी पहाटे सव्वापाचला निघालो. शिवडीहून अटल सेतू. २१.८ किलोमीटर, रस्ता सलग, सिग्नल नाही, वेगमर्यादा १००. मोजमाप करायचं असेल तर मुंबईत यापेक्षा चांगली जागा नाही. मी मुद्दाम पाचव्या गिअरमध्ये ८० धरून ठेवली. पायाखाली जवळजवळ काहीच दाब नव्हता, नुसता अंगठा टेकवल्यासारखा. डॅशबोर्डवरचं अ‍ॅव्हरेजचं मीटर १८.२ दाखवत होतं. पूर्वेला उरणच्या बाजूला फटफटत होतं, बाबा खिडकीतून बघत होते आणि मी आकड्याकडे. चिर्ल्याला उतरून पळस्पे, पुढे कोनला एक्सप्रेसवे. तिथे खालापूरपर्यंतच्या सपाटीवर १०० ठेवली, तर तेच मीटर १५.१ वर आलं.

वीस किलोमीटरच्या वेगाला एवढा फरक का, तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० ला गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. आणि वाचतं काय? ९० किलोमीटरमागे साडेतेरा मिनिटं. घाई असेल तेव्हा ती साडेतेरा मिनिटं मीही घेतो, पण त्याची किंमत आता मला माहीत आहे. खंडाळ्याच्या घाटात मर्यादा ६०, कॅमेरे आहेत, आणि शनिवारी आठनंतर तिथे ट्रक आणि गाड्यांची जी रांग लागते त्यात अ‍ॅव्हरेज आणि क्लच दोन्ही जातात. पहाटे निघा, हे मी पेट्रोलसाठीच सांगतोय.

पुण्याचा बायपास, नवा कात्रज बोगदा, खंबाटकी, आणि आनेवाडीच्या टोलनाक्याआधीच सुरूरला हायवे सोडून वाई. जाताना टोल : अटल सेतू २५०, एक्सप्रेसवे ३२०, शिवाय खेड शिवापूर. वाईत मिसळ खाल्ली, कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीला हात जोडले आणि टाकी भरली. २३६ किलोमीटरला १६.१ लिटर. १४.७. मीटर मात्र १५.८ सांगत होतं. म्हणजे मीटर सात टक्के गोड बोलतं. वहीतली जुनी पानं बघितली तर दर वेळी साधारण तेवढाच फरक आहे. तुमच्या गाडीचाही असा एक ठरलेला फरक असेल, तो दोन-तीन टाक्यांत कळतो आणि मग मीटर वापरता येतं.

आता पसरणी घाट. या भागासाठी मी आलो होतो. वाईपासून पाचगणीपर्यंत साधारण बारा किलोमीटर आणि सहाशे मीटरच्या आसपास चढ. सकाळचं ऊन, खाली धोम धरणाचं पाणी, वळणावळणाला दुसरा-तिसरा गिअर. ही गाडी अशाच रस्त्यासाठी आहे. वळणाच्या मध्यावर हलकेच पाय द्यायचा, टर्बोची शीळ ऐकू येते आणि ती स्वतःला वर खेचत नेते. हात राखला नाही. पाचगणीत मीटर बघितलं : ६.३.

बाबा म्हणाले, "बघ, निम्म्यावर आली."

मी चहाच्या टपरीवर त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. गाडी, आम्ही दोघं आणि सामान मिळून साडेतेराशे किलो धरू. एवढं वजन सहाशे मीटर वर न्यायला जवळपास आठ मेगाज्यूल ऊर्जा लागते. पेट्रोल इंजिन जाळलेल्या इंधनातल्या चौथ्या हिश्श्यापेक्षा थोडीच जास्त ऊर्जा चाकांपर्यंत पोचवतं. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण बत्तीस मेगाज्यूल. म्हणजे हा अख्खा घाट चढायचं जादा भाडं एक लिटरच्या आतच. शंभर रुपयांत पसरणी! त्यापेक्षा जास्त पेट्रोल मी एका संध्याकाळी कलानगर ते माहीम या पट्ट्यात बसल्या जागी जाळलंय.

टर्बो गाडी असेल तर एक ध्यानात ठेवा. घाट जोरात चढल्यावर वर पोचल्या पोचल्या इंजिन बंद करू नका. शेवटचा किलोमीटरभर सावकाश चालवा, थांबल्यावर अर्धा-एक मिनिट आयडलला राहू द्या. टर्बो तापलेला असतो आणि इंजिन थांबलं की त्याला थंड करणारं ऑइल फिरायचं थांबतं.

महाबळेश्वरबद्दल वेगळं सांगत नाही. राहिलो, फिरलो, स्थानिक रस्त्यांवर अडतीस किलोमीटर झाले.

रविवारी सकाळी उतरायला पोलादपूरची वाट धरली. आंबेनळी घाट. साडेतेराशे मीटरवरून जवळपास कोकणच्या पातळीला चाळीस किलोमीटरमध्ये. रस्ता अरुंद, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. पावसाळ्यात दरडी येतात आणि घाट बंद ठेवतात, तेव्हा जून ते सप्टेंबर निघण्याआधी चौकशी केल्याशिवाय जाऊ नका. खालून चढणाऱ्या गाडीला पहिला मान. वळणावर एसटी दिसली तर आपण आधी थांबायचं, तिला वळायला पूर्ण रुंदी लागते.

इथे एक समज मोडायचाय. उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचतं, हे बाबाही मानायचे. पद्मिनीच्या कार्ब्युरेटरच्या काळातली ती सवय. इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ऍक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंदच होतात. चाकं इंजिन फिरवत असतात, पेट्रोल शून्य. उलट न्यूट्रल टाकलंत की इंजिन स्वतःच्या बळावर चालू राहायला पेट्रोल पितं आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. प्रतापगड फाट्यानंतर आमच्या पुढे एक मोठी गाडी होती, तिचे ब्रेकलाइट विझतच नव्हते. दोन वळणांनी जळक्या ब्रेकचा वास आमच्या गाडीत आला. आम्ही मागे राहिलो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो, ब्रेकला फक्त वळणाआधी हात. खाली पोचल्यावर उताराचं मीटर ३१ दाखवत होतं. बाबांनी दोनदा चष्मा पुसून बघितलं.

महाडला हायवेवर टाकी भरली. वाईपासून १३१ किलोमीटर, १०.१ लिटर. १३.०! दोन घाट आणि महाबळेश्वरच्या बाजारातली गर्दी धरून. चढताना दिलेलं बरंचसं उतरताना परत मिळालं होतं.

पण घरी पोचायचं बाकी होतं. महाड ते दादर १६८ किलोमीटर. रविवारची दुपार, मुंबई-गोवा महामार्ग. माणगावात पस्तीस मिनिटं. कोलाड-नागोठणे बरं गेलं, वडखळला पुन्हा रांग, आणि वाशीच्या पुढे चेंबूर-सायन ते ठरलेलंच. टोल मात्र वाशीला नाही. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवर कारला तो माफ आहे. माणगावात शिरताना मीटर १४.९ होतं, बाहेर पडताना १२.७. इतकी वळणं, इतके चढ केले, तेव्हा जे झालं नाही ते सपाट रस्त्यावर उभं राहून झालं. दादरला भरलं १४.२ लिटर, म्हणजे ११.८. रविवारी परत येणार असाल तर महाडहून दहाच्या आत निघा, नाहीतर जेवून तिथेच रात्री आठपर्यंत थांबा.

एकूण ५३५ किलोमीटर, ४०.४ लिटर, १३.२ चं अ‍ॅव्हरेज. पेट्रोल साधारण ४,२०० रुपयांचं.

आणखी एक नोंद वहीत सापडली. २०१८ मध्ये, अटल सेतू नव्हता तेव्हा, याच गाडीने अशाच पहाटे वाईपर्यंत १५.६ दिलं होतं. आता १४.७. गाडी सात वर्षांनी जुनी झाली आहे, ते खरंच. पण पंपावरचं पेट्रोलही बदललंय, आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्के घट येणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या ठेवणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्केच धरले आहेत. म्हणून २०२३ च्या आधीच्या कोणाच्या आकड्यांशी आपली गाडी ताडून मन खट्टू करून घेऊ नका. माझ्यासारखी जुनी गाडी असेल तर पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सील सर्व्हिसिंगला आवर्जून बघायला सांगा. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि मुंबईच्या जुलैत हवेत पाण्याची कमी नसते.

सोमवारी सकाळी लिफ्टपाशी वॉचमनने विचारलं, "साहेब, लाँगला किती दिली?" मी उत्तर द्यायच्या आत बाबांनी पिशवीतून वही काढली आणि त्याला पसरणीच्या पानापासून दाखवायला सुरुवात केली.