जी/एसचा डावा सिलिंडर अखेर आयडलिंगला टिकला

बीएमडब्ल्यूच्या जुन्या आर 80 जी/एस मोटारसायकलचे सगळे काम मागच्या नोंदीपासून ज्याच्यापाशी अडून बसले होते, तो डावा सिलिंडर आता आयडलिंगला टिकू लागला आहे. थ्रॉटल पूर्ण सोडल्यावर इंजिन 1000 आरपीएमच्या आसपास स्थिर राहते आणि दोन्ही बाजूंचे एक्झॉस्ट पाइप सारखेच तापतात. एवढ्याशा गोष्टीचा आनंद काय असतो, हे जुनी बॉक्सर इंजिने (दोन बाजूंना आडवे सिलिंडर असलेली) उघडणाऱ्यांना सांगायला नको.

बीएमडब्ल्यूने 1980 ते 1987 या काळात सुमारे 21,800 आर 80 जी/एस बनवल्या, त्यामुळे मॉडेल म्हणून ही गाडी तशी दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ती न वापरलेली जी/एस, कारण ऑरिओल (1981, 1983) आणि राये (1984, 1985) या स्वारांच्या पॅरिस-डाकार रॅलीतल्या विजयांनंतर ज्यांनी ज्यांनी ही गाडी घेतली, त्यांतल्या बहुतेकांनी ती मनसोक्त पिटाळली. आपल्या गाडीची पांढरी टाकी, नारिंगी सीट आणि ब्रेक डिस्कची जवळपास कोरी कडा पाहता तिचा ओडोमीटर खरे बोलतो, म्हणजे ती फारच कमी चालली आहे, याविषयी मला शंका उरलेली नाही. टायरवरचा तारखेचा शिक्काही तीन अंकीच आहे, म्हणजे ते 2000 पूर्वीचे आहेत. संग्राहक अशा टायरांना जपतात. मीही ते जपून ठेवीन, पण चाकांवर नव्हे.

न चाललेल्या गाडीची झीज होत नसली, तरी तिच्यातले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ ठेवून जाते. आमचे घोडे नेमके तिथेच अडले होते. रेस दिली की दोन्ही सिलिंडर सुरळीत चालत आणि थ्रॉटल सोडला की डावा बंद पडे. प्लगच्या वायरींची अदलाबदल केली, तरी दोष डावीकडेच राहिला. (ही तपासणी करताना काढलेली प्लग कॅप मोकळी सोडू नये, ती अर्थ करावी (इंजिनाच्या धातूला जोडावी), कारण 1981 पासूनचे इलेक्ट्रॉनिक इग्निशन त्याने निकामी होऊ शकते.) कॉम्प्रेशन दोन्हीकडे सारखे आले. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) इनटेकला 0.10 आणि एक्झॉस्टला 0.20 मिमी लावलेले होते. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबरी नळीतूनही हवा शिरत नव्हती. एंडोस्कोपमध्ये दोन्ही सिलिंडरच्या आतल्या होनिंगच्या (कारखान्यात घासून आणलेल्या) तिरप्या रेघा मात्र अगदी ताज्या दिसल्या. सिलिंडरच्या आतला गॅल्निकलचा (निकेलयुक्त) थर गंजत नाही, याचा हा मोठा फायदा.

म्हणजे दोष बिंग कंपनीच्या कार्ब्युरेटरमध्येच होता, आणि तो कार्ब्युरेटर तर अल्ट्रासोनिक सफाईच्या यंत्रातून काढून झाला होता. माझे स्पष्ट मत असे की बंद वाहिनीत द्रव शिरतच नसेल, तर अल्ट्रासोनिक केवळ बाहेरून चकाकी आणते. या सीव्ही (स्थिर-वेग) कार्ब्युरेटरमध्ये आयडलिंगचे पेट्रोल आयडल जेटमधून एका बारीक वाहिनीत जाते आणि मिक्स्चर स्क्रूपाशी व बटरफ्लायच्या (थ्रॉटलच्या गोल पातीच्या) कडेजवळच्या बायपास छिद्रांतून बाहेर पडते. जेट आणि स्क्रू काढून जेटच्या जागी क्लीनरची नळी धरली, तेव्हा उजव्या कार्ब्युरेटरमध्ये प्रत्येक छिद्रातून स्वच्छ धार उडाली. डावीकडे मात्र स्क्रूच्या भोकातून एक मरतुकडा थेंब तेवढा आला. बटरफ्लायचे स्क्रू टोकाला ठोकून पक्के केलेले असल्याने ते काढायचे नव्हते. म्हणून बटरफ्लाय उघडा धरून, तिरप्या उजेडात, विजेच्या वायरीतली तांब्याची एकच तार छिद्रात अलगद फिरवत राहिलो. स्टीलची तार किंवा ड्रिल बिट इथे वापरू नये, कारण छिद्र केसभर मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. मधूनमधून क्लीनर भरून ठेवत गेल्यावर आधी हिरवट भुकटी आली, मग तपकिरी कपची निघाली आणि पाठोपाठ समोरच्या भिंतीपर्यंत धार गेली!

तरीही आयडलिंग वरखाली होत राहिले. याला कारण मिक्स्चर स्क्रूची नवी ओ-रिंग ठरली. पुरवठादाराने व्हायटॉन (पेट्रोल सोसणारे रबर) म्हणून पाठवलेली ही रिंग पेट्रोलमध्ये रात्रभर बुडवताच फुगली. त्या पुरवठादाराकडून यापुढे मी स्टिकरदेखील घेणार नाही. खात्रीची व्हायटॉन रिंग बसवून, दोन्ही कार्ब्युरेटर व्हॅक्यूम गेजवर जुळवल्यावर गाडी वठणीवर आली. मूळ रिंगा, डायफ्रॅम आणि गॅस्केटे नोंद करून पिशव्यांत ठेवली आहेत. शंभर टक्के मूळ राहण्यासाठी कडक झालेले रबर तसेच ठेवावे, हा काही संग्राहकांचा आग्रह मला पटत नाही; परत बसवता येईल असा मूळ भाग हाताशी असला, की मौलिकता शाबूत राहते.

यानंतर फोर्क सील घ्यायचे ठरले होते आणि 1984 च्या पॅरिस-डाकार आवृत्तीची 32 लिटरची टाकीही शोधत होतो. टाकीचा विचार सोडला आहे, कारण इतक्या अस्सल गाडीला उसना पेहराव कशाला? फोर्कही थांबू शकतात. हे लिहिता लिहिता गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे स्प्लाइन्स (क्लच प्लेटमध्ये बसणारे उभे दाते) आठवले: त्यांच्यावरचे ग्रीस गाडीएवढेच जुने असणार आणि स्प्लाइन्स कोरडे चालले तर क्लच प्लेटचे दाते खातात. त्यातच इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली तेलाचा एक थेंब सारखा जमतो आहे. त्याला गिअर ऑइलचा उग्र वास असेल, तर इनपुट शाफ्टचे सील गेले आहे. तसा वास नसेल, तर क्रँकच्या मागच्या सीलचा संशय घ्यायचा. दोन्ही परिस्थितींत ड्राइव्ह शाफ्टचे बोल्ट सोडून गिअरबॉक्स काढावाच लागेल. म्हणून दोन्ही सील आणि ड्राइव्ह शाफ्टचे नवे बोल्ट एकदमच मागवतो आहे. हे बोल्ट जुने परत वापरायचे नसतात. स्प्लाइन्सचे फोटो पुढच्या नोंदीत टाकीन. त्यांना कोणते ग्रीस लावता, तेवढे मात्र मी गिअरबॉक्स परत बसवण्याआधी सांगा.