एंजल आयलंड: जळालेल्या भिंती आणि एक कथा

टिब्युरॉनहून सुटलेली बोट थोड्याच वेळात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड या बेटाला लागते. बरोबरची मंडळी सायकली आणि खाण्याचे डबे घेऊन आली होती, सॅन फ्रान्सिस्कोचा देखावा पाहायला. मी आणि फ्रीमाँटची माझी मावसबहीण मात्र धक्क्यावरून पायऱ्या चढून थेट पलीकडच्या चायना कोव्हकडे निघालो. 1910 ते 1940 या काळात पॅसिफिक ओलांडून आलेल्यांना, त्यातही मुख्यतः चिनी लोकांना, अमेरिकेत शिरू द्यायचं की नाही हे ठरेपर्यंत इथल्या ठाण्यात अडवून ठेवत. आपल्याकडचेही कितीतरी जण इथं अडकले होते.

आता बराकीचं संग्रहालय झालंय. आत एकावर एक टांगलेल्या लोखंडी खाटा, मधे जेमतेम माणूस जाईल एवढी वाट. माहिती सांगणाऱ्या बाईंनी टॉर्च भिंतीला लावून तिरपा धरला आणि मळकट रंगाखालून कोरलेली चिनी अक्षरं वर आली. उभ्या ओळी, एकसारख्या मापाच्या. अधिकाऱ्यांनी त्यांवर लांबी भरली, रंगाचे हात मारले, तरी त्या टिकल्या. 1970 मध्ये अलेक्झांडर वाइस या रेंजरचं त्यांच्याकडे लक्ष गेलं, म्हणून इमारत पाडायची राहिली. आजवर 200हून अधिक कवितांची नोंद झाली आहे.

पण ही पुरुषांची बराक. बायकांना प्रशासकीय इमारतीत ठेवत आणि ती ऑगस्ट 1940 मध्ये आगीत जळाली. त्या भिंतींवर कुणी काही लिहिलं असेल, तर तेही गेलं. नवरा-बायको एकाच बोटीनं आले तरी निकाल लागेपर्यंत त्यांची भेट नाही. दोघांना वेगवेगळं बसवून विचारायचे: गावातली विहीर कुठं, घराला खिडक्या किती? उत्तरं जुळली नाहीत, तर परत पाठवणी. त्या मोकळ्या जागेपाशी मी बराच वेळ थांबले.

मला इथं यायचं होतं ते एका कथेमुळे. ईडिथ मॉड ईटन, वडील इंग्रज, आई चिनी, ‘सुई सिन फार’ या नावानं लिहायची. गोरी म्हणून सहज खपली असती. पण चिन्यांबद्दल उघड तिरस्कार असलेल्या त्या काळात तिनं चिनी नाव घेतलं. मला याचं फार मोल वाटतं. 1882च्या कायद्यानं चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद झालं होतं. बायकांच्या वाटेत तर 1875पासूनच अडथळे होते. नीतिमत्तेच्या नावाखाली त्यांना अडवत.

तिची ‘इन द लँड ऑफ द फ्री’ ही कथा 1909ची, म्हणजे हे ठाणं उघडण्याआधीची. व्यापाऱ्याची बायको ले चू चीनमध्ये जन्मलेल्या बाळाला घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला येते. बाळाचे कागद नाहीत, म्हणून अधिकारी धक्क्यावरच त्याला काढून घेतात. महिने जातात. वकील पैसे मागतो, तेव्हा ती अंगावरचे दागिने उतरवून त्याच्यापुढे ठेवते. दहा महिन्यांनी, बाळाला जिथं ठेवलेलं असतं त्या मिशनमध्ये, मूल समोर येतं आणि गोऱ्या बाईच्या झग्यात तोंड लपवून आईला म्हणतं, “जा, जा!” लेखिका तिथंच थांबते. कायद्याला एक शिवी नाही की एक उपदेश नाही, आणि तरी तो कायदा काय करत होता हे मला त्या एका वाक्यातून जितकं कळलं, तितकं संग्रहालयातल्या फलकांवरूनही कळलं नाही.

मावसबहिणीनं ती कथा परतीच्या बोटीत मोबाइलवर वाचली. मग 1912च्या ‘मिसेस स्प्रिंग फ्रॅग्रन्स’ या संग्रहातली त्याच नावाची कथा मीच तिला उघडून दिली. यातली सिएटलची चिनी गृहिणी टेनिसन या इंग्रज कवीला अमेरिकन समजून त्याच्या ओळी ऐकवते आणि शेजारच्या मुलीचं लग्न तिच्या मनासारखं जुळवते. परक्या देशात बाई नुसती सोसत नाही, मजेत संसारही करते, हेही सुई सिन फारनं लिहिलंय.

दोन्ही कथा इंटरनेटवर फुकट मिळतात. बेटावर जाणार असाल तर पहिली आधी वाचा, बोटीच्या परतीच्या वेळा बघून ठेवा आणि बराकीसाठी निदान दोन तास हाताशी असू द्या.