दोष मेनसेलचा नव्हता

"पोट जास्त शिवलंय, कापून द्या," म्हणत कॅटामरानच्या, म्हणजे जोड-सांगाड्याच्या शिडाच्या बोटीच्या, मालकांनी मेनसेल, म्हणजे डोलकाठीमागचं मोठं शिड, शिडं शिवायच्या माझ्या टेबलावर टाकलं. वाऱ्यावर चढताना डोलकाठीलगतचा भाग उलटा फुगतो, अशी तक्रार. मी मोजलं, तर पोटाची खोली आराखड्याबरहुकूम. म्हटलं, कात्री नंतर, आधी पाण्यावर जाऊ.

फुगा दिसलाच, मधल्या उंचीपासून वर. मालकांचं म्हणणं, जिब, म्हणजे पुढचं छोटं शिड, आणि मेनमधल्या फटीतून वारा सुसाट सुटतो, त्याचा हा मार. ही समजूत फार चिवट. विमान-अभियंते आर्व्हेल जेन्ट्री यांनी ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच खोडली होती.

मी जिब उतरवायला लावली, मेनचा दोर होता तसाच. फुगा गेला, पण वाऱ्याआडच्या बाजूचे पुढचे टेलटेल, म्हणजे वारा दाखवायला शिडावर लावलेले धागे, लोळायला लागले. वारा कापड सोडून चालला होता. जिब चढवली, धागे पुन्हा सरळ. मालक गप्प झाले.

फटीत शिरताना वारा उलट मंदावतो, बराचसा जिबच्या वाऱ्याआडून निघून जातो. मेनच्या पुढच्या कडेवरचं जोरदार खेचणं त्यामुळे उतरतं. मेनचा जोर थोडा घटतो खरा, पण ते घट्ट ओढलं तरी वारा सुटत नाही. घटलेल्यापेक्षा जास्त जिब कमावते, कारण मेनमुळे तिच्यावर वारा अधिक मोकळ्या कोनातून येतो.

मग इथे बिघडलं कुठे? मेनशीट, म्हणजे मेन आत ओढायचा दोर, सैल होती. या बोटीला, बहुतेक कॅटामरानसारखाच, बॅकस्टे, म्हणजे डोलकाठीला मागून ओढून धरणारी तार, नव्हता. फोरस्टेला, म्हणजे जिब धरणाऱ्या पुढच्या तारेला, ताण मुख्यतः मेनशीटच देते. ती सैल, म्हणून फोरस्टे झोळला, जिबला पोट आलं आणि तिची मागची कड आत वळून थेट मेनवर वारा फेकू लागली. त्यात कॅटामरान वेगवान, भासमान वारा, म्हणजे चालत्या बोटीला जाणवणारा, सतत नाकासमोरून, शिडं कायम आत ओढलेली. फट मुळातच अरुंद.

मेनशीट कसली, जास्तीचा जोर ट्रॅव्हलर, म्हणजे मेनशीटची आडव्या रुळावरची गाडी, वाऱ्याआडच्या बाजूला सोडून काढला. जिबच्या दोराची गाडी थोडी मागे नेली, तशी तिची कड वरच्या बाजूला उघडली. फुगा उरला तो झोताझोताला, बोटभर. मालकांना तोही नको होता. मी म्हटलं, राहू द्या. तो घालवायला जिब आणखी सोडलीत तर तिचीच ओढ जाईल.