जांभ्याच्या घरात केबल: माडीपर्यंत गिगाबिट पोचलं

काल रात्री साडेदहाला माडीवरच्या खोलीत लॅपटॉप लावला आणि 1000 चा (सेकंदाला 1000 मेगाबिट, म्हणजे एक गिगाबिट) लिंक आला. दोन आठवडे याच खोलीने छळलं होतं.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: घर गुहागरजवळ, जांभ्या चिऱ्याचं, भिंती दीड फुटी. ओटीवरच्या राउटरचं 5 गिगाहर्ट्झचं वाय-फाय माजघरापलीकडे जात नाही, 2.4 कसंबसं माडी गाठतं. म्हणून महागड्या राउटरसाठी ठेवलेले पैसे मी केबलकडे वळवले. राउटर पाच वर्षांनी बदलता येईल, पाइपात घातलेली वायर पुन्हा कोण ओढणार?

कॅट-6 (नेटवर्कची केबल, आत आठ तारा, दोन-दोन पिळलेल्या चार जोड्या) चा 305 मीटरचा खोका घेताना एक तुकडा मागून घ्या आणि तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. मला आधी तसलाच खोका दाखवला होता. ती लवकर मोडते, रोध जास्त, आणि पीओईवर (नेटवर्कच्याच वायरीतून वीज) ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारा डबा, चालवायचा तर अजिबात नको.

आता माडीची गोष्ट. वायर ओढून दोन्ही टोकांना प्लग मारले, रंग सरळ जोडीजोडीने लावले: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले. तरी लिंक कधी 100 वर, कधी गायब. स्विच (एका लाइनला अनेक वायरी जोडणारा डबा) बदलला, पॅच कॉर्ड (उपकरणाला जोडायची छोटी तयार वायर) बदलली, फरक शून्य. मग लक्षात आलं: टेस्टर तार सलग आहे एवढंच सांगतो, कुठली तार कुणाबरोबर पिळलेली आहे ते त्याला कळत नाही. 3 आणि 6 नंबरच्या पिना एकाच जोडीच्या लागतात. ठरलेल्या बी क्रमात टेलिफोनची (निळी) जोडी मधोमध 4-5 वर बसावी म्हणून हिरवी जोडी तिच्या दोन्ही बाजूंना गेली. माझ्या सरळ क्रमात 3 वर हिरव्याची तार होती आणि 6 वर निळ्याची. पीळ असूनही उपयोग नाही, सिग्नल एकमेकांत मिसळत होते.

दोन्ही प्लग कापून टाकले. भिंतीतल्या वायरला प्लग मारायचाच नाही, आयओ बॉक्समध्ये (भिंतीवरचा नेटवर्कचा सॉकेट) क्रोन टूलने (तारा खाचेत दाबून बसवायचं हत्यार) बसवायची, हेही शिकलो. बी क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडला नाही. पहिल्या खेपेलाच लागलं.

आठ पोर्टचा पीओई गिगाबिट स्विच माजघरातल्या फडताळात, पॅच पॅनेलच्या (भिंतीतल्या सगळ्या वायरी येऊन मिळतात ती पट्टी) खाली बसवलाय. तो, राउटर आणि फायबरचा डबा तिन्ही इन्व्हर्टरच्या एकाच पॉइंटवर आहेत. लाइट गेली तरी माडीवरचा ॲक्सेस पॉइंट चालू राहतो, कारण त्याला वीज याच वायरीतून मिळते.

राहिली खळ्यापलीकडची खोली. तिथवर 40 मीटर आहे, कॅट-6 सहज पुरेल, पण नेणार नाही. वळवाच्या विजा आमच्याकडे कशा कडाडतात ते कोकणातल्यांना सांगायला नको, आणि दोन इमारतींमधली तांब्याची तार म्हणजे विजेला दोन्हीकडच्या उपकरणांपर्यंत वाट. तिथे फायबर टाकतोय, दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि नेटवर्कची वायर जोडणारे डबे). चर खणून झालाय, पाइप आणलाय. मृगाच्या आत पुरून घ्यायचा आहे.